हलके धरा

नोव्हेंबर संपता संपता माळ्यावरून उतरायची
तीन खोकी: एकात चांदण्या, एकात कागदी माळा,
आणि तिसरं, ज्यावर बाबांनी खडूनं लिहिलेलं
'हलके धरा'.
सात तबकड्या, अकरा कॅसेटी,
आणि सुई पुसायचा एक इवलासा ब्रश
जो आई चार वर्षं शोधत होती.

बाबा, म्हणजे शमुवेल रणपिसे,
खडकीच्या कारखान्यात दिवसभर काडतुसं मोजायचे.
घरी आले की तबकडी दोन तळव्यांच्या कडांवर
प्रभुभोजनाची भाकर धरावी तशी धरायचे,
श्वाससुद्धा बाजूला सोडायचे.

पहिली नेहमी तीच.
जुन्या बाजारात, एका बुधवारी,
गंजके नळ आणि जोडीदार हरवलेल्या चपलांमध्ये सापडलेली.
वेष्टनावर बर्फात उभी पोरं, लाल मफलर, उघडी तोंडं.
कुठला देश, कुठलं देऊळ, ठाऊक नाही;
नावाच्या जागी आधीच्या मालकाच्या चहाचा गोल डाग.
बर्फ आम्ही पाहिला होता फक्त रसवंतीत,
भुश्शात गुंडाळलेला.

दुसऱ्या गाण्यात पोरं वर वर चढत जायची
आणि बरोबर टोकाला
सुई अडकायची.
ग्लो. ग्लो. ग्लो. ग्लो.
आईचं लाटणं हवेत, माझ्या हातात अर्धी मुरडलेली करंजी.
पाचव्यांदा बाबा उठायचे, त्याआधी कधीच नाही,
आणि बोटाच्या पेरानं सुईला पुढं सारायचे,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं.

आई म्हणायची, घेतानाच होता ओरखडा,
म्हणून तर चारची दोनला मिळाली.
बाबा म्हणायचे, तुझ्या बांगडीचा.
हा खटला बत्तीस नाताळ चालला.
आई गेली त्या वर्षी
खोकं उघडता उघडता बाबा एवढंच म्हणाले,
"घेतानाच होता."

कॅसेटींमध्ये एक आमचीच होती,
पाचहौदाच्या देवळात रेकॉर्ड केलेली मराठी भजनं.
पेटी, तबला, झांजा,
आणि एस्तेरबाई उजगरे प्रत्येक कडव्याआधी 'हं' म्हणतात ते.
चौथ्या भजनात मी खोकते. सहा वर्षांची मी.
बाबा आधीच हात वर करायचे, "थांबा, आता सलोमी."
आलेल्या पाहुण्यांनी तो खोकला
ऐकून घ्यावाच लागायचा.

यंदा मी खोकी उतरवलीच नाहीत.
फोनवर शोधलं, तर तीच पोरं सापडली,
तेच मफलर, चहाचा डाग नसलेले,
आवाज धुऊन, पुसून, इस्त्री केलेला.
ओट्यावर फोन ठेवून रवा भाजत होते.
पोरं चढली, टोकाला पोचली,
माझं बोट आपोआप पुढं झालं
आणि ती थांबलीच नाहीत.

बाबांचं पेर जे ओलांडून जायचं
ते दोन ओळींचं अंतर
मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.
तिथे एकच पोरगं गातंय.
एकटं.
जरासं बेसूर.
मग बाकीचे येऊन त्याला सांभाळून घेतात.

रवा लागला.

खालून परचुरेकाकांचा आवाज आला,
माकडटोपीतून येतो तसा, अर्धा लोकरीचा:
"सलोमी, यंदा अडकलं नाही ते?"
"नाही काका, फोनवर लावलंय."
"हे बरं नव्हे. अडकलं की आमच्याकडे चहा टाकायची पद्धत आहे.
आता टाकायचा कधी?"

ग्रामोफोनचा पट्टा तुटलाय.
तपकीर गल्लीत मिळेल बहुतेक, शनिवारी बघेन.
तोवर म्हणून
फोन बंद केला, गॅलरीत गेले, शाल नीट ओढली,
घसा खाकरला
आणि पाच वेळा, मोजून पाच वेळा,
तो अर्धा शब्द
खाली टाकला.

खाली गॅसच्या लायटरची खटखट.
एकदा.
दोनदा.
पेटला.